आंबवण्यापुरतं दही : एका केटररसाहेबांस अनावृत पत्र

माननीय केटररसाहेब,



ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तसंही आमच्या घरातून ताकाला कुणी जात नाही. म्हणून सरळच लिहिते. गेल्या लग्नसराईत माझ्या भाच्याच्या लग्नात आपण जे जेवण दिलंत, त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले. आम्ही पंगतीतून उठलो ते थेट इस्पितळात गेलो, त्यामुळे विडा घ्यायला आणि चार कौतुकाचे शब्द बोलायला सवड मिळाली नाही. ती उणीव आता भरून काढते. आपलं नाव, फर्मचं नाव, कार्यालयाचं नाव, गाव यांतलं काहीही मी लिहिणार नाही, तेव्हा काळजी नसावी. शिवाय नाव छापलं तर बाकीच्या केटरर मंडळींना वाटायचं की हे पत्र आपल्यासाठी नाही.

आपण मोठे आत्मविश्वासाचे गृहस्थ आहात. लग्नाआधी मी फोन केला तेव्हाच ते लक्षात आलं होतं. मुलीला दुधाची अॅलर्जी आहे. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर यांतलं काहीच चालत नाही. कुठल्या पदार्थात काय पडतं तेवढं सांगाल का, असं मी विचारत होते. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत आपण म्हणालात, "ताई, निश्चिंत या. दोन पिढ्यांचा धंदा आहे आपला." धंदा दोन पिढ्यांचा आहे हे ऐकून बरं वाटलं, पण माझा प्रश्न तो नव्हता. म्हणून लग्नाच्या सकाळी पुन्हा भटारखान्यात आले. आपण खुर्ची टाकून, कानाला फोन लावून बसला होतात. फोन न ठेवता, मोकळ्या हाताची बोटं मोजत आपण यादी सांगितलीत : "मठ्ठा नको. कोशिंबिरीत दही आहे, ती सोडा. मसालेभाताला तूप वरून घालतो, तिचा आधीच बाजूला काढून देतो. जिलबी बिनधास्त द्या. जिलबीत कुठलं आलंय दूध? मैदा, साखर, पाणी. झालं."

जिलबीचा कारागीर आपल्यापासून दहा हातांवर बसून पीठ फेटत होता. मी त्याच्याकडे वळले तर आपण म्हणालात, "त्याला काय विचारता, मी सांगतोय ना!" खरंच आहे. ज्याला सगळं माहीत आहे तो समोर बसलेला असताना, ज्याने पीठ भिजवलंय त्याला कशाला विचारायचं?

मुलीने अर्धी जिलबी खाल्ली. लग्नात तिला चालणारं गोड क्वचितच असतं, त्यामुळे ती पुरवून पुरवून खात होती आणि म्हणूनच अर्धीच पोटात गेली. आधी म्हणाली, "आई, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय." मग वरचा ओठ एका बाजूने जाड दिसायला लागला. कानामागे, मग मानेवर, मग पोटावर गांधी उठल्या. पाठोपाठ कोरडा, न थांबणारा खोकला आणि घोगरा आवाज. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना याच्यापुढे काय असतं ते ठाऊक असतं, आणि तिथवर जाऊ द्यायचं नसतं हेही. आमच्या पिशवीत अॅड्रिनलिन असतं. परदेशांत त्याचं तयार पेन मिळतं, मांडीला टेकवून दाबलं की काम झालं. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही. म्हणून तपकिरी काचेची अँप्यूल, सिरिंज आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेला कागद असा संसार घेऊन आम्ही लग्नकार्याला जातो. नऊवारी नेसून, अँप्यूलची मान मोडून औषध ओढायचं हे कसब मी आपल्या पंगतीत सादर केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पित्त उठलंय गं तिला. घोटभर गार दूध दे, लगेच बसेल." काकूंना मी काही बोलले नाही. माझे दोन्ही हात गुंतले होते.

आपणही धावत आलात, हे नाकारणार नाही. आणि सुई अजून माझ्या हातात असताना आपण जे वाक्य बोललात, ते फ्रेम करून आपल्या ऑफिसात लावण्यासारखं आहे : "ताई, दूध नाहीच आहे हो त्यात. दही आहे. तेही नुसतं आंबवण्यापुरतं."

आता हे दही येतं कुठून, हा प्रश्न मी आपल्याला विचारणार नाही. मैदा भिजवताना त्यात आंबट दही घालून पीठ ठेवतात, हे जिलबी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आपल्यालाही होतंच. माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध असेल असं मात्र आपल्याला वाटलं नाही. दूध पांढरं असतं, पातळ असतं, पातेल्यात असतं आणि ओतताना दिसतं. जे दिसत नाही ते दूध नव्हे, असा आपला साधा हिशेब. तो किती चुकीचा आहे तेवढं सांगते, कारण पुढच्या मुहूर्तालाही आपण कुणाला तरी निश्चिंत या म्हणणारच आहात.

दुधाच्या अॅलर्जीचं भांडण दुधातल्या प्रथिनांशी आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं, उरलेली निवळीत उतरणारी, म्हणजे दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी सुटतं त्यातली. शरीराची संरक्षण व्यवस्था या प्रथिनांना शत्रू समजते. सोसायटीच्या वॉचमनने रोजच्या दूधवाल्याला दरोडेखोर ठरवून सगळ्या इमारतीचे भोंगे वाजवावेत आणि पळापळीत जिन्यावर माणसं चेंगरावीत, तसला प्रकार. दुधाचं दही होताना जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. केसीन गोठतं, पण जात कुठेच नाही. ताक घुसळा, लोणी काढा, खवा आटवा, पनीर पाडा, ते सगळीकडे थोडंफार बरोबर येतंच. तूप कढवून बेरी गाळून टाकली तरी प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टर तुपालाही नाही म्हणतात. आणि केसीन आचेला फारशी दाद देत नाही. उकळत्या तेलात तळलं की सगळं मरतं, हा आपला दुसरा सिद्धान्त (तो आपण रुग्णवाहिकेच्या दारात मांडलात) म्हणूनच टिकत नाही. बरीच मुलं केक-बिस्किटात पिठाबरोबर चांगलं भाजलेलं दूध सोसतात, हे खरं. पण कुठलं मूल सोसतं आणि कुठलं नाही, ते इस्पितळात, डॉक्टर उशाशी असताना ठरवायचं असतं. आहेराच्या रांगेशेजारी नव्हे.

प्रमाणाचंही सांगते, कारण "आंबवण्यापुरतं" या शब्दावर आपला फार जीव आहे. एका छोट्या चमच्यात, पाच मिलिलिटर गाईच्या दुधात, दीडशेहून जास्त मिलिग्रॅम प्रथिनं असतात. काही मुलांना त्यातले चार-पाच मिलिग्रॅमही पुरतात. म्हणजे ज्या पळीने मठ्ठा ढवळला तीच नुसती निथळून वरणात घातली, तरी काम होतं.

आपल्याला एकट्यालाच पिंजऱ्यात उभं करणं बरं नव्हे. आपले साथीदार पुष्कळ आहेत, आणि बहुतेक माझ्याच नात्यातले आहेत. एक मावशी म्हणते, थोडं थोडं देऊन सवय लाव. गंमत म्हणजे हे डॉक्टरही करतात. पण मोठ्या इस्पितळात, मिलिग्रॅममध्ये मोजून, महिनोन् महिने, हाताशी सगळी औषधं ठेवून. मावशीचा प्रयोग बासुंदीच्या वाटीने होणार असतो. एक काका शेळीचं दूध सुचवतात आणि गांधीजींचा दाखला देतात. गांधीजी शेळीचं दूध पीत, यात वाद नाही. त्यांना गाईच्या दुधाची अॅलर्जी नव्हती, व्रत होतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी जुळतात की एकीचं बाधलं तर दुसरीचं बाधण्याचीच शक्यता मोठी. तिसरे एक सुशिक्षित नातेवाईक लॅक्टोज-फ्री दुधाचा खोका घेऊन येतात. ज्याला दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, त्याला त्याचा उपयोग. त्यात प्रथिनं जशीच्या तशी असतात. आमच्यासाठी ते दूधच, फक्त महाग. आणि एका वहिनींनी मोठ्या मायेने बाराक्षाराच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या गोळ्या लॅक्टोजच्या असतात, म्हणजे दुधातूनच काढलेल्या साखरेच्या, आणि अशा साखरेसोबत प्रथिनाचा अंश येऊ शकतो. दम्याच्या काही पावडरच्या इन्हेलरमध्येही हेच लॅक्टोज असतं. आमच्या डॉक्टरांनी त्यामुळे मुलीचा पंप निवडून दिला आहे.

या मंडळींचा राग मला येत नाही, असं म्हणायला आवडलं असतं. येतो. पण तो कशातून उगवतो तेही कळतं. ज्या देशात १९७० पासून दुधाचा महापूर आणायची मोहीम चालली आणि जो देश १९९८ पासून दूध उत्पादनात जगात पहिला आहे, तिथे कुणाला दूध बाधतं म्हणणं हे जवळजवळ देशद्रोहासारखं ऐकू येतं. सत्यनारायणाचा प्रसाद नको म्हटलं की गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. तीर्थ म्हणून पळीभर पंचामृत तळहातावर पडतं, त्यातले पाचांपैकी तीन पदार्थ आमच्या मुलीच्या जिवावरचे. हात मागे घेतला की "अहो, देवाचं आहे" असं वर ऐकायचं. डॉक्टरांच्या कागदावर देवासाठी वेगळा रकाना नाही, हे कुणाकुणाला सांगणार?

पाकिटबंद मालाचं त्या मानाने बरं आहे, साहेब. तिथे निदान कायदा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांनुसार दूध आणि दुधाचे पदार्थ ठळक सांगायच्या अॅलर्जीकारकांच्या यादीत आहेत. त्यात ग्लुटेनवाली धान्यं, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरेही येतात. आमच्या मुलीला बाराखडीच्या खालोखाल पाकिटावरची ती ओळ वाचता यायला लागली. मसाला वेफर्समध्ये व्हे पावडर असते, पावात दुधाची भुकटी असते, हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. हिरव्या ठिपक्यावर ती भरवसा ठेवत नाही, कारण शाकाहारात दूध बसतं. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीमवर तर मुळीच नाही. त्याच्या घटकांत पुष्कळदा सोडियम केसीनेट निघतं, म्हणजे पुन्हा तेच केसीन. आदल्या संध्याकाळी स्वागत समारंभात मोठा केक आला तेव्हा आपण मला मुद्दाम येऊन सांगितलं होतंत, की क्रीम नॉन-डेअरी आहे, मुलीला चालेल. मी डबा मागितला. डबा कचऱ्यात गेला होता. केक आम्ही लांबून पाहिला.

पण आपल्या कढईला लेबल नसतं. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना अॅलर्जीची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. आपल्या कार्डावर चौदा आकडी परवाना क्रमांक तेवढा छापलेला आहे, गणपतीच्या चित्राखाली. परवाना आपल्याला स्वच्छतेसाठी मिळाला असेल. जिलबीत दूध नसतं, असं लिहून दिलेलं त्यात काही नाही.

आणि समजा, कुणी म्हणेल की ही बाई अर्ध्या जिलबीचा बाऊ करते आहे. २०१७ साली लंडनमध्ये एक मुलगा आपला अठरावा वाढदिवस साजरा करायला बर्गरच्या एका नामांकित साखळीतल्या हॉटेलात गेला होता. दुधाची अॅलर्जी असल्याचं त्याने ऑर्डर देताना सांगितलं होतं. साधं ग्रिल केलेलं चिकन मागवलं. ते ताकात मुरवलेलं होतं, आणि मेन्यूकार्डावर ताकाचं नावही नव्हतं. तो त्याच दिवशी गेला. पुढे २०१९ मध्ये चौकशी झाली तेव्हा हेच नोंदवलं गेलं, की मुलाने सांगितलं होतं आणि मेन्यू वाचून त्याला धोक्याची काहीच कल्पना येण्यासारखी नव्हती. मुरवण्यापुरतं ताक, साहेब. दूध नव्हतंच त्यात.

आपण नंतर माझ्या भावाला म्हणालात म्हणे, की सातशे पानांत एकेकाचं पथ्य कुठे बघत बसणार. हे वाक्य मात्र मला खरोखर लागलं, कारण ते आपल्यासारख्या माणसाला शोभत नाही. आपल्याच बुफेत जैन काउंटर होतं. तिथे कांदा-लसूण नव्हता, बटाटाही नव्हता, आणि त्या काउंटरची पळी इकडच्या भाजीत गेली म्हणून आपण एका वाढप्या पोराला माझ्यादेखत झापलं होतंत. नवरीच्या आजीचा त्या दिवशी उपवास होता. तिची साबुदाण्याची खिचडी वेगळ्या कढईत झाली, शेंगदाण्याच्या तेलात, सैंधव घालून, कारण साधं मीठ तिला चालत नाही. गुरुजींचं पान सोवळ्यातलं होतं. त्यांच्या वरणभाताला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाहीत. मराठी स्वयंपाकघराला काय कशाला शिवलं, कुठली पळी कुठल्या भांड्यात गेली, कुठलं तेल कशाला वापरलं हे पिढ्यान् पिढ्या कळतं. त्यासाठी आपल्या आज्यांनी अख्ख्या घराला धारेवर धरलं आहे. एवढी शिस्त आपल्या हाडीमाशी मुरलेली असताना, जिथे खरोखर कुणाचा श्वास अडकतो नेमकं तिथेच "सातशे पानांत कुठे बघत बसू" आठवावं? गुरुजींच्या वरणाला चुकून हात लागला असता तर गुरुजी फार तर जेवले नसते.

मी वेगळा स्वयंपाक मागितला नव्हता, हे आपल्याला आठवत असेल. गरजही नव्हती. आपल्याच पानात तिच्यापुरतं पुष्कळ होतं : तूप न वाढलेला साधा वरणभात, चिंचगुळाची अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, पापड, आणि दुसरं ते पंचामृत, शेंगदाणे-खोबऱ्याचं, चिंचगुळातलं, ज्यात दुधाचा थेंब नसतो. फक्त पुरीच्या कणकेत काय, हे कुणी सांगायला हवं होतं. पनीरचं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कणकेत घालणारे आचारी मला माहीत आहेत. पुऱ्या मऊ होतात म्हणे. आणि अळूत काही जण ताक घालतात, तेव्हा तेही विचारावं लागतं. जिलबीलाही दहीच लागतं असं नाही, यीस्टवर पीठ फुगतं आणि आंबटपणाला लिंबू पुरतं. मी घरी करते. आपल्यासारखी गोल होत नाही, एवढंच.

खरं तर दुधावाचून महाराष्ट्राचं काही अडत नाही, अडतं ते केटररच्या मेन्यूकार्डाचं. कोकणात नि गोव्यात गोडाधोडाचा निम्मा कारभार नारळावर आणि नारळाच्या दुधावर चालतो. शिरवाळ्या, पातोळ्या, गोव्याचं मणगणं, सगळं आमच्या मुलीचं हक्काचं. कुणी हौसेने वर तुपाची धार सोडली नाही तर. उकडीचा मोदकही तसाच. घाटावर भाकरी, पिठलं, ठेचा. ज्यांच्या गोठ्यातलं दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जात आलं, त्या घरांतल्या ताटांत दूध असायचं कुठे? कॅल्शियमची काळजी आपण करू नये. लग्नात मला आठ-दहा जणांनी ती करून दाखवली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात तेवढ्याच वजनाला सव्वाशेच्या आत. तीळ आहेत, शेवग्याचा पाला आहे, खाणाऱ्यांना सुकट आहे. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून आहारतज्ज्ञ मोजून देतात. खरी अडचण ब-१२ ची. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळतं. दूध गेलं की गोळी घ्यावी लागते, आणि ड जीवनसत्त्वही तपासत राहावं लागतं. ते आमचं आम्ही बघतो.

आपल्याकडून मला काय हवंय, ते आता मोजक्या शब्दांत. माफी नको, ती आपण भावाच्या हाती पाठवलीत, सोबत पेढ्यांचा बॉक्स होता. पैसे नकोत. मुलगी त्या रात्री देखरेखीखाली होती, कारण असा झटका काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. दुसऱ्या दिवशी घरी आली, आता बरी आहे. पुढच्या लग्नात कुणी बाई फोन करून विचारील तेव्हा "निश्चिंत या" म्हणू नका. "विचारून सांगतो" म्हणा, आणि खरंच विचारा. जिलबीवाला बाहेरून बोलावलेला असेल तर त्याला विचारा, पुऱ्या तळणाऱ्या मावशींना विचारा, मसाल्याचं तयार पाकीट वापरलं असेल तर ते उलटं करून वाचा. पाकिटं आणि डबे कार्य संपेपर्यंत फेकू नका. पनीरची भजी ज्या तेलात तळली त्याच तेलात बटाटेवडे सोडू नका. सोडलेत तर तसं सांगा. प्रत्येक काउंटरवर पदार्थाच्या नावाची जी सोनेरी पाटी लावता, तिच्या खाली दूध, दही, तूप, शेंगदाणे, काजू यांतलं काय आहे ते एका ओळीत लिहा. पाटी तशीही छापताच, दोन-चार शब्द जास्त होतील. आणि माहीत नसेल तर "माहीत नाही, तिला देऊ नका" असं म्हणा. एवढं सांगितलं असतंत तर आम्ही डब्यातला नाचणीचा लाडू काढला असता आणि आपल्या जिलबीचं लांबून कौतुक केलं असतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वऱ्हाडी

ता. क. हे पत्र कार्यालयांच्या मालकांनी आणि वाचकांनीही वाचावं म्हणून एक सांगून ठेवते. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि जोडीला खोकला, घोगरा आवाज, दम, उलट्या किंवा भोवळ असं काही आलं, तर आधी अॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. अॅलर्जीच्या गोळ्या नंतर. गोळीने श्वास मोकळा होत नाही. रोग्याला आडवं करा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. १०८ ला फोन लावा. आणि गार दूध देऊ नका.